मेलेला नायक परत आणायचाय, कसा आणू?

प्रश्न थोडक्यात असा: एका मराठी डेलीसोपमध्ये आठ महिन्यांपूर्वी नायकाचा अपघाती मृत्यू दाखवला गेला. अंत्यसंस्कार झाले, भिंतीवर हार घातलेला फोटो लागला, नायिका हळूहळू सावरली आणि आता तिचं दुसरं लग्न ठरलंय. दरम्यान टीआरपी घसरला आणि वाहिनीने निरोप धाडला की नायकाला परत आणा. कथाविस्तार ज्याच्याकडे आहे त्या नव्या लेखकाने विचारलंय: हसं न होता त्याला आणायचं कसं? तो मेलाच नव्हता हे पटवायचं कसं? जुना नट मिळाला नाही तर काय? आणि प्रोमोत चेहरा दाखवायचा की नाही?

मालिकांचा कथाविस्तार आणि पटकथा हेच माझं बरीच वर्षं पोटापाण्याचं काम आहे. या प्रसंगातून जवळजवळ प्रत्येक लेखक कधीतरी जातो, तेव्हा आधी घाबरणं सोडा. मेलेला माणूस परत आला म्हणून प्रेक्षक हसत नाहीत. रोज रात्री मालिका लावून बसणाऱ्या बाईला ती खोटी असते हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, आणि परत येणाऱ्या माणसाची तिला मनापासून हौसही असते. तिचं डोकं फिरतं ते दुसऱ्याच कारणाने. आठ महिने ती तुमच्या नायिकेबरोबर रडली, मुलांनी बाबांना चिठ्ठ्या लिहिलेल्या पाहिल्या, सासूने सुनेचं दुसरं लग्न करून द्यायचं ठरवलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. आणि आता एका एपिसोडमध्ये तुम्ही तिला सांगता की ते सगळं धरू नका, नायक आलाय, चला पुढे. तिथे ती रिमोट उचलते.

म्हणून 'तो वाचला कसा' यावर जेवढा वेळ घालवाल, त्याच्या कितीतरी पट 'तो नसताना घरात काय काय झालं' यावर घाला. परत येण्याचा ट्रॅक, म्हणजे कथेतला तो धागा, हा परत येणाऱ्याचा नसतोच, मागे राहिलेल्यांचा असतो. बाकी सगळं मी सांगणार आहे ते याच्याच अनुषंगाने.

याचं सगळ्यात मोठं आणि महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सीबीएसवरच्या 'डॅलस'मध्ये पॅट्रिक डफी बॉबी ईविंगचं काम करायचा. त्याला मालिका सोडायची होती, म्हणून मे १९८५ मध्ये सीझनच्या शेवटी बॉबीला मारलं. त्याची घटस्फोटित बायको पॅम हिच्या अंगावर येणाऱ्या गाडीसमोरून तो तिला ढकलतो, स्वतः सापडतो, आणि दवाखान्यात सगळ्या कुटुंबाच्या डोळ्यांदेखत जातो. संशयाला जागाच ठेवली नाही. पुढच्या वर्षी मालिका रेटिंगमध्ये दुसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर आली. बॉबीचा मोठा भाऊ जे.आर. याचं काम करणाऱ्या लॅरी हॅगमनने डफीला परतण्याची गळ घातली, डफी कबूल झाला, आणि मग लेखकांपुढे नेमका तुमचा प्रश्न उभा राहिला. डोळ्यांदेखत मेलेला माणूस आणायचा कसा?

मे १९८६ च्या शेवटच्या भागात पॅम सकाळी उठते, बाथरूममधून शॉवरचा आवाज येतो, ती दार उघडते आणि आत बॉबी अंघोळ करतोय. तो वळून म्हणतो, 'गुड मॉर्निंग.' संपलं. उन्हाळाभर अमेरिका तर्क लढवत बसली. सप्टेंबरमध्ये उलगडा झाला: बॉबी मेल्यापासूनचा अख्खा सीझन, म्हणजे ३१ भाग, पॅमला पडलेलं स्वप्न होतं.

क्लृप्ती म्हणून ती जबरदस्तच होती, शॉवरमधला तो क्षण आजही दाखवला जातो. पण हिशोब पाहा. त्या ३१ भागांत ज्यांची लग्नं ठरली, मोडली, जे आजारी पडले, जे बदलले, ते सगळं पुसलं गेलं. पॅमने मार्क ग्रेसन नावाच्या माणसाशी लग्न केलं होतं आणि लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी ती शॉवरचा आवाज ऐकते. हा मार्क स्वतः आधी विमानाच्या स्फोटात मेला असं समजलं गेलं होतं आणि त्याच सीझनमध्ये जिवंत परतला होता. म्हणजे एका मेलेल्याला जिवंत करण्यासाठी आधी जिवंत केलेला दुसरा पुन्हा मेला! बॉबीचा भाऊ गॅरी 'नॉट्स लँडिंग' या जोडमालिकेत होता. तिथे बॉबीचं सुतक पाळून झालं होतं, जुळ्यांपैकी एका बाळाला त्याचं नावसुद्धा दिलं होतं. तिथल्या लेखकांनी हे स्वप्नाचं लफडं आपल्या घरात घेतलंच नाही. दोन्ही मालिकांची सोयरीक तिथेच तुटली. आणि ज्या टीआरपीसाठी एवढा खटाटोप केला तो? स्वप्नानंतरच्या सीझनमध्ये 'डॅलस' अकराव्या क्रमांकावर गेली. घसरणीला इतरही कारणं असतील, पण बॉबी परत आल्याने ती थांबली नाही, एवढं नक्की.

आता घरचं उदाहरण. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' जुलै २००० मध्ये सुरू झाली. नायक मिहीर करणारा अमर उपाध्याय लोकांच्या गळ्यातला ताईत झाला होता. २००१ मध्ये मिहीरचा मृत्यू दाखवला आणि जो हलकल्लोळ झाला तो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री साडेदहाला रस्ते ओस पडायचे असा तो काळ. मिहीरला आणावंच लागलं. पण मालिका बनवणाऱ्या बालाजीच्या लेखकांनी त्याला आणला तो हात हलवत नाही आणला. स्मृती गेलेला मिहीर, त्याच्यावर उपचार करणारी डॉक्टर मंदिरा, तिच्याशी जुळलेलं नातं, आणि पुढे त्या नात्यातून झालेला मुलगा करण. त्याच्या गैरहजेरीचे ते महिने कोरे सोडले नाहीत, त्यांत एक दुसरी बाई आणि एक वारस पेरून ठेवला आणि त्यावर वर्षानुवर्षं मालिका चालली. स्मृतिभ्रंश ही किती जुनी, घिसीपिटी युक्ती! पण प्रेक्षकांनी ती मुकाट्याने गिळली, कारण तिची किंमत मिहीरच्या बायकोला, तुळशीला मोजावी लागली. तिला नवरा परत मिळाला तो दुसऱ्या बाईच्या वाट्यासकट.

'डॅलस'ने मधला काळ पुसला आणि 'क्योंकि'ने तो दुप्पट भरला. तुम्ही कुठल्या बाजूला जाणार ते वाहिनीच्या पुढच्या मीटिंगच्या आधी ठरवा, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणणार आहे, 'सगळं तिच्या मनाचे खेळ होते असं दाखवलं तर?'

तर मग आठ महिन्यांचा हिशोब मांडायला घ्या. एक वही करा आणि घरातल्या एकेका माणसासमोर लिहा की नायकाच्या मरणामुळे त्याच्या हाती काय आलं आणि काय गेलं. भावना राहू द्या बाजूला, वस्तू लिहा. विम्याचे पैसे आले का? ते कुठे गेले? धाकट्या दिराने त्यातून दुकान काढलं असेल तर भाऊ परतल्यावर त्याच्या पोटात गोळा येणार, आणि तो गोळा खरा असणार. भावाला मिठी मारून रडणारा दीर रात्री एकटा हिशोबाची डायरी उघडून बसतो, हा सीन कुठल्याही प्लास्टिक सर्जरीपेक्षा भारी आहे. नायकाच्या नोकरीच्या जागी अनुकंपेवर नायिका लागली का? त्याचा मोबाइल नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे का? कपाटातला त्याचा खण कुणाचा झाला? मुलगा शाळेत 'वडिलांचे नाव' या रकान्याआधी आता 'कै.' लिहितो का? होणाऱ्या नव्या नवऱ्याने मुलांच्या शाळेची फी भरलीय का? ही यादी झाली की तुमचे दोन महिन्यांचे एपिसोड तिच्यातच सापडतील. वाहिनीला 'ट्विस्ट' हवा असतो. तो द्या त्यांना एक. बाकीचं पोट या वहीने भरेल.

आता 'तो मेला नव्हता' हे पटवण्याबद्दल. जुने एपिसोड काढून बसा आणि अपघातापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून घाला. नेमकं काय दाखवलंय आणि काय नुसतं सांगितलंय, यांतली फट शोधायची. चेहरा दिसला का? ओळख कुणी पटवली, घड्याळावरून की अंगठीवरून? अग्नी कुणी दिला? बहुतेक वेळा नशिबाने चेहरा झाकलेलाच असतो, कारण नट त्या दिवशी शूटला आलेलाच नसतो! डेट्स संपलेल्या असतात आणि पांढऱ्या कापडाखाली कुणीतरी ज्युनिअर आर्टिस्ट झोपलेला असतो. प्रॉडक्शनची ही काटकसर पुढे लेखकाच्या कामी येते. हाताशी चेहऱ्याचा क्लोजअप असेल तर मात्र गप्प बसा आणि दुसरा मार्ग धरा. पाहिलेली गोष्ट पाहिली नव्हती असं सांगायला जाऊ नका.

बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स'मध्ये डेन वॉट्सला १९८९ मध्ये कालव्याकाठी गोळी घातली. मारेकऱ्याने पिस्तूल डॅफोडिलच्या फुलांच्या गुच्छात दडवलं होतं. गोळीचा आवाज आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज, पडद्यावर एवढंच. ती फट १४ वर्षं तशीच राहिली आणि सप्टेंबर २००३ मध्ये डेन मुलीसमोर येऊन उभा राहिला, 'हॅलो प्रिन्सेस' म्हणत. तो भाग दीड कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. पण मुलीने आनंदाने गळ्यात हात टाकले नाहीत. इतकी वर्षं बापाला मेलेला समजून जगलेली मुलगी जशी वागेल तशी ती वागली, चिडली. दीड वर्षातच, २००५ च्या फेब्रुवारीत, डेनला पुन्हा मारलं, तेव्हा मात्र बायकोने त्याच्या डोक्यात लोखंडी डोअरस्टॉप घातला, पबच्या तळघरात पुरला आणि वर सिमेंट ओतलं. नंतर ते प्रेत उकरूनही काढलं. 'आता पुन्हा विचारू नका' असं लेखक त्यातून प्रेक्षकांना सांगत होते, असं मला नेहमी वाटतं.

तुमच्याकडे मात्र एक जास्तीची अडचण आहे जी साहेबांच्या कालव्यात नव्हती. तुम्ही अंत्यसंस्कार दाखवलेत. मग त्या सरणावर कोण होतं? शंभरातले नव्वद लेखक या प्रश्नाला बगल देतात. 'अपघातात अदलाबदल झाली' असं एका वाक्यात इन्स्पेक्टरच्या तोंडी टाकून मोकळे होतात. मला विचाराल तर तुमच्या ट्रॅकमधली सगळ्यात सशक्त गोष्ट तीच आहे. तुमच्या नायकाचं घड्याळ हातात असलेला कुणीतरी दुसरा माणूस त्या गाडीत होता. त्याचीही कुणी आई असेल, बायको असेल, जी आठ महिने पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतेय. तुमच्या घरात पेढे वाटले जातील त्याच दिवशी त्या घरात सुतक सुरू होईल. ती बाई अस्थी मागायला आली तर? अस्थी तर तुम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्यात. तुमच्या नायिकेने तिला काय सांगायचं? हा एक सीन नीट लिहिलात तर 'तो वाचला कसा' हे विचारायला कुणी शिल्लक राहणार नाही.

कावळ्याचं तर सांगायलाच हवं. मराठी मालिकेला जे आयतं मिळालंय ते 'डॅलस'वाल्यांना जन्मात मिळालं नसतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला होता का, ते एपिसोडमध्ये तपासा. शिवला नसेल आणि भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली असेल, तर नियतीने तुमच्यासाठी दुवा ठेवलाय. आजी तेव्हाच पुटपुटली होती असं दाखवता येईल. बरेचदा कावळा शिवत नाही त्याचं खरं कारण असं असतं की फिल्मसिटीत कावळे वेळेवर येत नाहीत आणि शिफ्ट संपत आलेली असते. पण ते प्रेक्षकांना कुठे माहीत!

कायद्याकडे आपल्या मालिका फारशा बघत नाहीत, आणि त्यात आयती पटकथा वाया जाते. माणूस सात वर्षं बेपत्ता असेल आणि ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांना ती नसेल, तर कायदा तो मेला असं गृहीत धरू शकतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मधलं हे तत्त्व २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. तुमची केस वेगळी आहे, तुमच्याकडे प्रेत होतं आणि मृत्यूचा दाखला निघालाय. आता तो दाखला खोटा ठरला. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे पहिला जोडीदार जिवंत असेल आणि ते लग्न टिकून असेल तर दुसरं लग्न रद्दबातल असतं. म्हणजे तुमच्या नायिकेचं दुसरं लग्न आधीच लागून गेलेलं असेल तर ज्या माणसाने तिला आधार दिला, तो कागदोपत्री तिचा कुणीच नाही. त्यात त्याचा दोष शून्य. यावर संवाद लेखकाला काही खास करावंच लागणार नाही.

आणि नायकाला स्वतःचा मृत्यू रद्द करून घ्यावा लागेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ मध्ये चुकीची नोंद दुरुस्त किंवा रद्द करण्याची सोय आहे. महापालिकेच्या खिडकीपाशी उभा असलेला नायक आणि आतून विचारणारा कारकून, 'मयताचं नाव?' विनोद म्हणून उडवून लावू नका. आझमगढच्या लाल बिहारी यांना १९७५ मध्ये सरकारदरबारी मयत ठरवून त्यांची जमीन लाटली गेली होती. जिवंत असल्याचं सिद्ध करायला त्यांना १९९४ उजाडलं. ते आपल्या नावापुढे 'मृतक' लावायचे आणि अशाच लोकांचा त्यांनी मृतक संघ काढला.

धर्मशास्त्रानेही या प्रसंगाचा विचार करून ठेवलाय, आणि तो इतका नाट्यमय आहे की आजवर कुणी वापरला कसा नाही याचं मला नवल वाटतं. परदेशी गेलेल्याची बारा वर्षं वाट पाहून मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायची रीत होती. आणि ज्याचे अंत्यसंस्कार झालेत तो माणूस जिवंत परतला तर? त्याचा नवा जन्म झाला असं मानून जातकर्मापासून संस्कार पुन्हा करायचे, आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. वाचलंत ना नीट? आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न! वाहिनीला लग्नाचा महाएपिसोड हवाच असतो. मांडवही आहे, अंतरपाटही आहे, फक्त अंतरपाटापलीकडे उभी असलेली बाई या खेपेला 'हो' म्हणेलच असं नाही. घरातली आजी किंवा गुरुजी हे सहज सुचवू शकतात.

बाकीच्या युक्त्यांवर फार शब्द खर्च करत नाही. हमशकल ही हिंदीची आवड. 'ये रिश्ता क्या कहलाता है'मध्ये नायिका नायरा गेली आणि तीच अभिनेत्री सीरत म्हणून आली. यात मेलेली मेलेलीच राहते, नट तेवढा परत येतो, म्हणून ही युक्ती वाटते त्यापेक्षा प्रामाणिक आहे. पुनर्जन्म मराठीत चालतो. 'तुला पाहते रे'मधली ईशा ही विक्रांतची मेलेली पहिली बायको राजनंदिनी निघाली तेव्हा त्याने केलेला खून वर आला, म्हणजे पुनर्जन्म हा फिर्यादी म्हणून आला. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये जयदीप-गौरी नव्या नावांनी जन्माला आले आणि मालिकेला नवं आयुष्य मिळालं. तुमच्या सामाजिक-कौटुंबिक मालिकेला हे झेपणार नाही, आठ महिन्यांत जन्म घेऊन नायक तिशीचा कसा होणार?

सगळ्यात देखणा मार्ग मला 'रात्रीस खेळ चाले'चा वाटतो. २०१६ मध्ये ती मालिका सुरूच मुळी अण्णा नाईकांच्या मरणाने झाली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात त्यांनी घड्याळ मागे फिरवलं आणि अण्णा जिवंत असतानाचा काळ दाखवला. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरांत पोचले ते तेव्हा. हा माणूस मरणार हे पहिल्या भागापासून माहीत असूनही लोक खिळून बसले. तिसऱ्या पर्वात, २०२१ मध्ये, दोघं भुतं होऊन वाड्यात फिरले. कुणाचंही मरण खोटं ठरवलं नाही, कुणाचे अश्रू परत मागितले नाहीत, आणि तरी मेलेलं माणूस वर्षानुवर्षं पडद्यावर! वाहिनीला फक्त नटाचा चेहरा हवा असेल, तर त्याच्या कॉलेजच्या दिवसांचा किंवा अपघाताच्या आधीच्या एका दडवलेल्या आठवड्याचा ट्रॅक सुचवून बघा. कधीकधी तेवढ्यावर भागतं.

एक पथ्य मात्र पाळा. मालिकेच्या आयुष्यात हे एकदाच. अमेरिकेत 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये २००३-०४ साली एका खुन्याने सेलम गावातली एकामागून एक जुनी पात्रं मारली. आजीबाई अॅलिस हॉर्टनला तर तिच्याच डोनटने गुदमरवून मारलं. मग कळलं की सगळे एका बेटावर सुखरूप आहेत आणि बेटाचं नाव 'मेलास्वेन', म्हणजे इंग्रजीत 'न्यू सेलम' उलटं. मजा आली असेल, पण त्यानंतर त्या गावात कुणी मेलं तर रडायचं कुणी?

नट बदलण्याबद्दल. 'क्योंकि'त अमर उपाध्यायनंतर इंदर कुमार आणि मग रोनित रॉय मिहीर झाले, आणि शेवटी रोनितच लोकांच्या मनात बसला. तेव्हा नवा चेहरा चालतो. (आणि काळाचा महिमा बघा, २०२५ च्या नव्या पर्वात मिहीर म्हणून पुन्हा अमर उपाध्यायच!) पण पुनरागमन आणि रिप्लेसमेंट एकाच आठवड्यात करू नका. 'हा मेला नव्हता' आणि 'हा तोच आहे' अशा दोन गोष्टी एकदम मानायला लावल्या की प्रेक्षक दोन्ही नाकारतो. नट नवा असेल तर त्याला काही आठवडे अनोळखी माणूस म्हणून कथेत फिरू द्या. लोकांना तो आधी माणूस म्हणून आवडू दे, नायक आहे हे मागून कळू दे. प्लास्टिक सर्जरी कथेत घालायचीच असेल तर घाला, पण मग चेहऱ्याने ओळख पटवण्याचे सीन विसरा. आईने त्याला ओळखायचं ते भातावर वरण ओतण्याआधी तो मधे खड्डा करतो त्यावरून. असलं काहीतरी जुन्या एपिसोडमध्ये सापडतंच, शोधा.

आता तो घरी येतो कधी. मंगलाष्टकं चालू आहेत, 'सावधान' म्हणतात आणि दारात सावली. कृपा करून नको. लेखक सोडून सगळ्यांना हा सीन पाठ आहे. मी असते तर लग्न होऊ दिलं असतं आणि सोळावा दिवस वगैरे उरकून, पाहुणे गेल्यावर, साध्या कामाच्या दिवशी त्याला आणलं असतं. आणि सगळ्यांसमोर नाही. आधी एकालाच कळू दे, आणि ते कुणाला हा तुमचा सगळ्यात मोठा निर्णय. नायिकेला कळलं तर प्रेमकथा होते, दिराला कळलं तर विम्याच्या पैशांची कथा होते. मी सासूला निवडेन. सुनेचं लग्न तिनेच लावून दिलंय. मुलगा दारात उभा आहे आणि आत सून नव्या नवऱ्याचा डबा भरतेय. सासू त्याला घरात घेईल की दार ओढून घेऊन जिन्यात नेईल? पुढचे पंधरा एपिसोड त्या जिन्यात आहेत.

प्रोमोचं आता. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न यांना बॉम्बस्फोटात मारलं आणि वाहिनीने सोशल मीडियावर श्रद्धांजलीची पोस्टसुद्धा टाकली. लोकांनी शिवाजी साटमांच्या नावाने गहिवर काढला, मग वाहिनीवर भडकले, आणि काही आठवड्यांतच एसीपी परत आले. मालिकेबाहेर, वाहिनीच्या तोंडून सांगितलेलं मरण जास्त महाग पडतं, कारण तिथे खोटं पात्र बोलत नाही, वाहिनी बोलते. तेव्हा तुमच्या मार्केटिंगवाल्यांनी आठ महिन्यांपूर्वी अशी काही पोस्ट टाकली होती का ते आधी बघा, असेल तर ती गुपचूप काढू नका. लोकांकडे स्क्रीनशॉट असतात.

नट जुनाच असेल तर प्रोमोत चेहरा बिनधास्त दाखवा. 'डॅलस'च्या काळात साबणाच्या जाहिरातीचं शूट आहे असं भासवून शॉवरचा सीन गुपचूप उरकता आला. आज तुमचा नट मेकअप रूममधून बाहेर पडेपर्यंत फोटो फॅनपेजवर असतो, मग झाकून कुणाला फसवणार? नट नवा असेल तर पाठमोरा ठेवा. दोन्ही वेळा कॅमेरा शेवटी नायिकेवर थांबू दे आणि 'हा कोण?' याऐवजी 'आता ती काय करणार?' हा प्रश्न व्हॉइसओव्हरमध्ये मागा. वाहिनी पहिला प्रश्नच धरून बसेल. त्यांना सांगा की त्याचं उत्तर गुरुवारचा टीआरपी यायच्या आत संपेल, दुसऱ्यावर दिवाळीपर्यंत मालिका चालेल. हे गणित त्यांना लगेच कळतं.